आजीच्या वहीत नावांचा रकाना नव्हता

दिमोनाची_नात:

माझी आजी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, रेवदंड्याकडची. आजोबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर. आग्रीपाड्याच्या चाळीतला संसार आवरून १९६० साली दोघं चार मुलांना घेऊन इस्रायलला गेली आणि दक्षिणेच्या वाळवंटात दिमोना नावाच्या गावी कायमची राहिली. गाव तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. १९५५ मध्ये मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबांनी ते वसवलेलं. पुढे तिथे इतकी मराठी घरं झाली की लोक त्याला 'छोटा भारत' म्हणायला लागले. माझा जन्म तिथलाच. मराठी मला आजीनं दिलं. बोलायला तर शिकवलंच, पण लिहिता-वाचता आल्याशिवाय सोडलंही नाही.

आमच्या समाजातल्या डॉक्टरांवर, मुख्याध्यापिकांवर, सिनेमातल्या कलावंतांवर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते लिहायलाच हवं होतं. पण मराठी चौथी शिकलेल्या, शाळेच्या फरशा पुसून संसाराला हातभार लावणाऱ्या बाईनं दुसऱ्यांची किती पोरं शाळेत टिकवली, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून हा धागा.

आजीच्या वडलांचा तेलाचा घाणा होता. तिच्या मोठ्या भावाला शिकायला मुंबईत मामाकडे ठेवलं, माझगावच्या इस्रायली शाळेत, म्हणजे आताच्या सर एली कदूरी शाळेत. आजी गावातच राहिली. चौथी झाली आणि पुढची शाळा लांब, मुलीला रोज सोबत कोण जाणार, या प्रश्नावर घरात कुणी फार वेळ घालवला नाही. मे महिन्यात भाऊ घरी यायचा तो आपली जुनी पुस्तकं घेऊन. घाण्याच्या खोलीत बसून ती वाचायची. पानांना तेलाचे डाग पडले म्हणून भावाची बोलणीही खायची. त्या भावानंच तिला सांगितलं की आमच्या शाळेच्या मुख्य एक बाई आहेत, आपल्याच समाजातल्या, आणि त्या मॅट्रिकला सगळ्या मुलग्यांच्या पुढे पहिल्या आल्या होत्या. त्या बाई म्हणजे रिबेका रूबेन. १९०५ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या होत्या. आजीनं त्यांना कधी पाहिलं नाही. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीला एवढी एक बातमी पुरली. बाईमाणसाला शिक्षण झेपत नाही असं कुणी म्हटलं की म्हातारपणीसुद्धा ती रूबेनबाईंचं नाव घेऊन समोरच्याला गप्प करायची.

इस्रायलला उतरल्यावर कागद भरून घेणाऱ्या माणसानं तिच्या नावापुढे 'निरक्षर' लिहिलं. तिला हिब्रू येत नव्हतं, एवढंच कारण. ती रोज मराठी वाचायची, पत्रं लिहायची, शेजारणींची पत्रंही लिहून द्यायची, त्याची त्या कागदावर नोंद व्हायची काही सोय नव्हती. आईला तो प्रसंग आजीकडून कितीतरी वेळा ऐकायला मिळाला. आजी चिडायची ती अपमानापेक्षा खोट्या नोंदीवर. लिहिणाऱ्यानं खरं लिहावं, असं तिचं म्हणणं.

मग १९६४ च्या सुमारास सरकारनं प्रौढ स्थलांतरितांना लिहायला-वाचायला शिकवायची मोहीम काढली. लष्करात सेवा करणाऱ्या तरुण मुलींना शिक्षिका करून अशा गावांत पाठवलं. त्या घरोघरी जायच्या, कारण लहान मुलं आणि स्वयंपाक टाकून बायका वर्गाला कशा येणार? आमच्याकडे आलेली मुलगी वीस वर्षांचीही नसेल. आजी आणि शेजारची मोरोक्कन बाई, दोघी एकाच टेबलाशी बसायच्या. शेजारीण अरबी आणि फ्रेंच बोलणारी, आजी मराठी आणि मुंबईचं हिंदी. दोघींमध्ये सामाईक असं काही नव्हतं. होती ती समोरची वही.

त्या वहीची काही पानं आईनं जपून ठेवली आहेत. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, ते आजीला लवकर जमलं. पण अक्षरं लिहून झाली की ती त्यांच्या डोक्यावर शिरोरेषा ओढायची. सगळ्या शब्दांवर, पट्टीनं मारल्यासारखी सरळ. शिक्षिकेनं एक-दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. पुढच्या पानांवर शेजारणीच्या अक्षरांवरही रेघ दिसते. आजीचं बघून तिला वाटलं असणार की असंच लिहायचं असतं. वर्षभरात दोघी दुकानावरच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या आणि शाळेतून आलेल्या चिठ्ठ्या वाचायला लागल्या. त्यानंतर आजी मुलांच्या शाळेत गेली आणि सफाईचं काम मागितलं. घराच्या जवळ, मुलांच्या वेळा सांभाळणारं काम, असं तिनं आजोबांना सांगितलं. मला वाटतं तिला शाळेच्या आत जायचं होतं.

आणि तिथून तिचं खरं काम सुरू झालं. वर्ग झाडणाऱ्या बाईला जे कळतं ते शिक्षकांनाही कळत नाही. कुठल्या बाकाखाली पेन्सिलीचा भुगा पडत नाही, कुणाच्या खणात डब्याचा कागद कधीच नसतो, सहलीची यादी फळ्यावर लागली की कोण मूल त्या दिवशी येत नाही. तेव्हा तिथे सक्तीचं मोफत शिक्षण आठवीपर्यंतच होतं. हायस्कूलला फी पडायची. ती उत्पन्नाप्रमाणे कमीजास्त असे आणि आठवीच्या शेवटी देशभर जी चाचणी व्हायची तिच्या गुणांवर सवलत ठरायची. सवलत मिळाली तरी पुस्तकं, बस, कपडे होतेच. कापडगिरणीत किंवा मृत समुद्राच्या कारखान्यात काम करणाऱ्या बापाला थोरला मुलगा चौदाव्या वर्षी कामाला लागणं सोयीचं वाटे. हायस्कूलची फी सरकारनं रद्द केली १९७८ मध्ये. तोवर आमच्या गल्लीतली किती मुलं आठवीनंतर थांबली असती आणि थांबली नाहीत, ते आजीच्या वहीत आहे.

ही दुसरी वही, हिशेबाची. मराठीत लिहिलेली. डावीकडे तारीख, मध्ये वस्तू, उजवीकडे रक्कम. 'चष्मा.' 'बसचा पास, तीन महिने.' 'कंपासपेटी.' 'फी, दुसरा हप्ता.' 'सहल.' 'कोट, जुना, बाह्या कमी केल्या.' आधी लिरा, १९८० पासून शेकेल, १९८५ नंतर नवे शेकेल. कोणाला दिलं ते कुठेच नाही. परत किती आलं तेही नाही. म्हणजे आजीनं उसने दिलेलेच नव्हते.

असं का, याचं उत्तर माझ्या मते आमच्या थोरल्या मावशीच्या लग्नात आहे. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयानं फर्मान काढलं की बेने इस्रायली माणूस दुसऱ्या ज्यू समाजात लग्न करणार असेल तर त्याच्या आईचं, आजीचं, त्यामागचं घराणं जितकं मागे जाता येईल तितकं तपासून घ्यावं. मावशीचं लग्न ठरलं होतं तेव्हा नोंदणीला गेल्यावर समोरच्या माणसानं आजीला तिच्या आईचं नाव विचारलं, मग तिच्या आईचं, मग तिच्याही आईचं. आजीनं पणजीपर्यंत सांगितलं. आणखी मागे विचारल्यावर म्हणाली, "आता नवगावच्या कबरस्तानात जाऊन विचारा. तिथे सगळी झोपलीत, उठून सांगतील." अनुवाद करायला बरोबर असलेल्या मामानं हे वाक्य हिब्रूत सांगितलंच नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, उपोषणं केली. आजोबाही गेले होते. ऑगस्टमध्ये संसदेनं ठराव केला की बेने इस्रायली सर्वार्थानं ज्यू आहेत आणि त्यांना सगळे हक्क आहेत. ते फर्मान मागे पडलं. आजीच्या मनातून मात्र ते टेबल गेलं नाही. आपलं जे आहे ते मिळवायलाही माणसाला 'तू कोण, कुणाची' याची उत्तरं द्यावी लागतात, हे तिनं भोगलं होतं. म्हणून तिनं कुणाला काही विचारलं नाही. कधीच नाही. मोरोक्कन, रोमानियन, आपल्यातले, नंतर इथिओपियाहून आलेले, कुणालाच नाही.

देण्याची पद्धतही तशीच. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून तिची टपालवाली होते. पाकीट किंवा पिशवी घेऊन मला पाठवायची. दारात उभं राहायचं, "आजीनं शिवायचं कापड परत दिलंय" असं म्हणायचं, पिशवी द्यायची आणि लगेच निघायचं. थांबायचं नाही, पाणीसुद्धा मागायचं नाही. खरोखरच वर कापडाचा तुकडा असायचा. कुणी 'धन्यवाद सांग' म्हणालं तर ते तिला येऊन सांगायचं नाही, अशी तंबी होती. १९८४ मध्ये महागाई वर्षाला ४०० टक्क्यांच्या पुढे गेली तेव्हा तिनं पैसे साठवणंच बंद केलं. पगार हातात आला की त्याच दिवशी वह्या, पेन्सिली, कंपासपेट्या घेऊन यायची आणि पलंगाखाली रचून ठेवायची. १ सप्टेंबरला शाळा सुरू व्हायची, त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या फेऱ्या वाढायच्या.

ती सगळ्यांना सगळं देत होती असं मात्र नाही. लग्नासाठी ती एक पैसा देत नसे. सख्खा पुतण्या हॉलच्या भाड्यासाठी कर्ज मागायला आला, त्याला चहा पाजून परत पाठवलं. त्याच महिन्याच्या नोंदीत 'टायपिंगचा वर्ग, पूर्ण' आहे, आणि टायपिंग शिकत होती ती त्याच पुतण्याची बहीण. हे नाव मला ठाऊक आहे कारण त्यावरून भांडण झालं आणि दोन घरं कित्येक वर्षं एकमेकांकडे गेली नाहीत. आजीला त्याचा त्रास झाला, पण नियम तिनं बदलला नाही. मला अजूनही तिचंच बरोबर वाटतं.

मलिदा मात्र मोठ्या मनानं व्हायचा. आमच्यात नवस फेडताना, शुभकार्यात एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करतात. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. आजी तो दर उन्हाळ्यात बागरूतचे, म्हणजे तिथल्या बारावीचे, निकाल लागले की करायची. गल्लीतलं कुणाचंही पोर पास झालं तरी मलिदा आमच्याकडे. मोरोक्कन शेजारीण खजूर घेऊन यायची आणि मराठी गाणं पाठ असल्यासारखी ओठ हलवायची.

आजी २००७ मध्ये गेली. आई नर्स झाली, एक मामा शिक्षक. मी प्रयोगशाळेत काम करते. तुमच्या घरात, ओळखीत अशी कुणी असेल, देश सोडून गेलेली किंवा गावातच राहिलेली, तर जरूर लिहा.

खाडीपलीकडचा:

ताई, सलग दोनदा वाचलं. मी अलिबागचा. आमच्या लहानपणी इस्रायल आळीत थोडीच घरं उरली होती, पण सिनेगॉग होतं आणि आजही आहे. आमची आजी तुमच्या लोकांना शनवार तेली म्हणायची, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून. ती सांगायची की शुक्रवारी दुपारनंतर तेल मिळायचं नाही, तर आधीच आणून ठेवायचं, आणि गावात त्याबद्दल कधी कुणी कुरकुर केली नाही.

माझ्या वडलांना गणित शिकवणारे मास्तर बेने इस्रायली होते. वडील नापास व्हायच्या बेतात असताना त्यांनी पावसाळाभर रोज संध्याकाळी घरी बोलावून शिकवलं. फीचा विषय काढल्यावर म्हणाले, "पास झालास की दुसऱ्या कुणाला तरी शिकव." वडलांनी पुढे तीस वर्षं शेजारच्या पोरांना गणित शिकवलं. मास्तर इस्रायलला गेले, नंतर पत्रं थांबली. तुमचा लेख वडलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ मास्तरांबद्दल बोलत होते.

दप्तरदार:

उत्तम लेख. थोडी भर घालतो, कारण तुमच्या आजीची शिक्षणाची ओढ एकटीची नव्हती, तिच्यामागे समाजाची बरीच मोठी धडपड आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशननं मुंबईत आणि कोकणपट्टीत शाळा काढल्या, त्यांत बेने इस्रायली मुलं मोठ्या संख्येनं होती आणि शिक्षकही होते. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. हेतू धर्मप्रसाराचा होता, पण समाजानं त्यातून धर्मांतर न घेता अक्षरं उचलली आणि आपलेच धर्मग्रंथ मराठीतून वाचायला सुरुवात केली. माझगावची शाळा हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये सुरू केली. आपल्या मुलांना धर्म आणि व्यवहार दोन्ही कळावेत, एवढ्यासाठी. आणि डॉ. जेरुशा झिराड: भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर लंडनला वैद्यक शिकून आल्या, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. १९५१ च्या जनगणनेत भारतात सगळे मिळून सुमारे २६ हजार ज्यू होते, हे लक्षात घेतलं म्हणजे ही यादी किती मोठी आहे ते कळतं.

मुलींना मात्र या सगळ्याचा वाटा मुंबईत मिळाला, गावात नाही. तुमच्या आजीची चौथी तिथेच अडली. तिच्या भावाला जे मिळालं ते तिला मिळालं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

व्यवहारी_विचार:

लेख आवडला, आजींबद्दल आदरच आहे. पण एक शंका मांडतो. आमच्या गावच्या मंडळातर्फे आम्ही गरजू विद्यार्थ्यांना मदत करतो. सुरुवातीला आम्हीही चौकशी करत नव्हतो. मग लक्षात आलं की ज्यांना गरज नाही तेच पुढे येतात आणि ज्यांना आहे ते लाजून मागे राहतात. उत्पन्नाचा दाखला, शाळेचं पत्र मागायला लागल्यावर पैसा योग्य जागी जायला लागला. लोकांनी विश्वासानं दिलेला पैसा आहे, त्याचा हिशेब द्यावा लागतो. विचारायचंच नाही, हे एका व्यक्तीला जमेल, संस्थेला कसं जमावं?

दिमोनाची_नात:

खाडीपलीकडचा, तुमच्या वडलांना माझा नमस्कार सांगा. मास्तरांचं कुटुंब कुठल्या गावी गेलं ते आठवत असेल तर मला कळवा. लोद, अश्दोद, बीरशेवा, दिमोना इथे आपली माणसं एकमेकांना ओळखतात, शोधता येईल.

दप्तरदार, आभार. आजीच्या भावानं झिराडबाईंची गोष्टही सांगितली होती का, ते आता कुणाला विचारणार! आजीसमोर हा विषय मी एकदा काढला होता, की तुला मुंबईला ठेवलं असतं तर. ती म्हणाली, "ठेवलं नाही ना. मग आता आहे त्यातून काय करायचं ते बोल."

व्यवहारी_विचार, शंका अगदी रास्त आहे. तुम्ही म्हणता ते खरं, जो पुढे येतो त्यालाच द्यायचं असेल तर चौकशी करावीच लागते. आजीनं उलट केलं होतं. तिच्याकडे कुणी मागायला येतच नव्हतं. ती आधी बघून ठेवायची. सकाळी साडेपाचपासून ती त्या वर्गांत असायची, महिनोन्‌महिने. तिला दाखल्याची गरज नव्हती कारण झाडलोट करताना तिला दिसत होतं. म्हणजे चौकशी होतच होती, फक्त तिचं ओझं घेणाऱ्यावर नव्हतं, देणाऱ्यावर होतं. संस्थेला हे पूर्ण जमणार नाही, मान्य. पण शाळेच्या शिपायाला, बसच्या कंडक्टरला, डबेवालीला विचारून यादी केली तर मुलाला दाखला घेऊन रांगेत उभं राहावं लागणार नाही. दाखल्यासाठी जो दिवस बापाचा बुडतो, तोही वाचेल.

फसवणूक झाली असेल का? झाली असेल. आई सांगते, एका घरी फीचे पैसे गेले आणि मुलगा तरीही गिरणीत लागला. पुढच्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीची फी वहीत आहे.

खडू_आणि_फळा:

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. आजींनी वर्ग झाडताना जे पाहिलं ते मी रोज पाहते, म्हणून लिहिल्यावाचून राहवलं नाही.

मूल शाळा सोडतं ते एकदम सोडत नाही. आधी एखादी अगदी लहान गोष्ट नसते. फळ्यावरचं दिसत नाही पण चष्मा नाही, मग ते शेजारच्याच्या वहीतून उतरवतं, मग चुकतं, मग ओरडा खातं, मग गैरहजर राहायला लागतं. घरच्यांना वाटतं याला अभ्यासाची आवड नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं असंच झालं होतं. चष्मा लागल्यावर पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, "बाई, फळ्यावर रेघा पण आहेत?" आम्ही फळ्यावर लिहायला ओळी आखून घेतो, त्या तिला कधी दिसल्याच नव्हत्या.

बसचा पास हा दुसरा मोठा अडथळा. आपल्याकडे अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, आणि त्यामुळे ज्या मुली सातवीनंतर घरी बसल्या असत्या त्या दहावीपर्यंत आल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण एसटीच येत नाही त्या वाडीचं काय? तिथे अजून कुणीतरी आजीच लागते.

वहीतली 'कोट, जुना, बाह्या कमी केल्या' ही नोंद वाचून थांबले. बाह्या कमी केल्या म्हणजे आजींनी त्या मुलाचं माप न घेता अंदाजानं केलं असणार. माप घ्यायचं तर बोलवावं लागलं असतं.

दिमोनाची_नात:

बाई, तुम्ही बरोबर ओळखलंत. आजी मापं डोळ्यानंच घ्यायची. मुलं रांगेत उभी असताना दाराच्या चौकटीशी त्यांची उंची बघून ठेवायची. आईनं हे मला सांगितलं होतं आणि लेखात लिहायचं राहिलं.

फळ्यावरच्या रेघांची गोष्ट मी आईला फोनवर सांगितली. तिनं नर्स म्हणून शाळांमध्ये मुलांचे डोळे तपासायचं काम बरीच वर्षं केलंय. म्हणाली, त्या बाईंना विचार की मुलगी आता काय करते.

खडू_आणि_फळा:

नर्सिंगला आहे, कऱ्हाडला. तुमच्या आईला सांगा.

वाळूतली_पावलं:

मी अश्दोदची. माझीही आजी याच लाटेत आली, पनवेलकडून. वाचताना सारखं वाटत होतं की या सगळ्या बाया एकमेकींना ओळखत असणार. आमच्या आजीला मुलींच्या शिक्षणाचं एवढं नव्हतं, खरं सांगायचं तर तिनं माझ्या आईला दहावीनंतर शिवणकामाला लावलं. आईनं स्वतः पस्तिशीत बागरूत दिली, आम्ही मुली शाळेत जायला लागल्यावर. म्हणून तुमच्या आजींचं मोल मला जास्त कळतं. सगळ्याच आज्या अशा नव्हत्या.

एक विचारायचं होतं. ती हिशेबाची वही आणि शिरोरेषेची पानं जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला किंवा बेन-झ्वी संस्थेला द्यायचा विचार केलात का? पूर्वेकडून आलेल्या ज्यू समाजांचा अभ्यास तिथे होतो. मोरोक्को, येमेन, इराकच्या लोकांची कागदपत्रं, आठवणी पुष्कळ जमा आहेत. आपल्या बायकांनी मराठीत लिहिलेलं त्या मानानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं असेल. नवी मुलं मराठी वाचत नाहीत. आणखी वीस वर्षांनी ही वही घरात असली तरी वाचणार कोण?

दप्तरदार:

याला माझा पूर्ण पाठिंबा. निदान चांगल्या दर्जाचं स्कॅनिंग तरी लगेच करून घ्या. साठ-सत्तरच्या दशकातला कागद आणि शाई फार टिकाऊ नसते. वाळवंटात दमट हवेचा त्रास नाही, हे त्यातल्या त्यात बरं. एका कामगार कुटुंबानं तीन चलनांतून, ४०० टक्के महागाईतून शिक्षणावर काय खर्च केला याची सलग नोंद, तीही मराठीत! अभ्यासकांना असं काही सहसा मिळत नाही.

दिमोनाची_नात:

वाळूतली_पावलं, तुमच्या आईनं पस्तिशीत परीक्षा दिली हे वाचून फार आनंद झाला. आजी असती तर त्यांच्यासाठी मलिदा झाला असता.

हिब्रूच्या वहीची पानं आम्ही देणार आहोत. त्यात आजी आहे, शेजारीण आहे आणि ती शिक्षिका आहे. शेजारणीच्या मुलीला विचारलं, ती आनंदानं हो म्हणाली. शिक्षिका कोण होती ते कळलं तर तिलाही विचारायचं आहे. एवढ्या वर्षांनी अवघड आहे, पण आई चौकशी करते आहे.

हिशेबाची वही मात्र देणार नाही. यावर घरात बरीच चर्चा झाली. मामाचं मत दप्तरदारांसारखंच होतं. पण दिमोना लहान गाव आहे. वहीत नावं नसली तरी तारखा आहेत. 'डाव्या पायाचा उंच बूट' आणि त्यापुढे १९७१ मधली तारीख वाचली की त्या गल्लीत वाढलेला कुणीही सांगेल की तो कोण. तो माणूस आता आजोबा झालाय. बूट कुणी दिला होता हे त्याच्या मुलांना ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही, आणि ग्रंथालयातल्या कागदावरून ते त्यांना कळू नये असं मला वाटतं. आजीनं नाव न लिहिण्याची काळजी घेतली ती यासाठीच.

आम्ही असं ठरवलंय: वस्तू आणि रकमा तेवढ्या वेगळ्या उतरवायच्या, तारखेऐवजी फक्त दशक लिहायचं, आणि ती नक्कल अभ्यासकांना द्यायची. दप्तरदार, महागाईचा अभ्यास त्यातूनही होईल असं वाटतं. चलन लिहिलेलं आहेच. उतरवायचं काम मीच करते आहे, साठच्या दशकाचा भाग होत आला. मूळ वही आईकडे राहील, तिच्यानंतर माझ्याकडे. आणि माझ्या धाकट्या मुलीला मी मराठी शिकवायला घेतलंय. सध्या बाराखडी चालू आहे.